आधी कुठे जायचं: रुग्णालय, पोलीस ठाणे की सखी केंद्र?

लैंगिक अत्याचारानंतर घरात पहिला वाद पेटतो तो तक्रार करायची की नाही यावरून. हा प्रश्न त्याच रात्री सोडवायची सक्ती नसते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. महाराष्ट्रात मदतीसाठी जाता येईल अशी दारं मुख्यतः तीन: रुग्णालय, पोलीस ठाणे आणि सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे अत्याचारग्रस्त बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र. शिवाय सोबत करणाऱ्या संस्था आहेत. जिवाला धोका असेल, अत्याचार करणारा आसपास असेल, तर आधी 112 हा आपत्कालीन क्रमांक लावा. नाहीतर माझं मत स्पष्ट आहे: आधी रुग्णालय. तिथल्या गोष्टींना घड्याळ लागलेलं असतं.

एचआयव्ही टाळणाऱ्या गोळ्या 72 तासांच्या आत सुरू कराव्या लागतात आणि 28 दिवस घ्याव्या लागतात. गर्भधारणा टाळणारी गोळी 5 दिवसांपर्यंत देता येते, पण जितकी लवकर तितकी बरी. शरीरावरचे नमुने साधारण 96 तासांपर्यंत घेतात. अंघोळ झाली असेल तरी जा. अंगावरचे कपडे कागदी पिशवीत न्या. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा कुजतो.

‘आमच्याकडे पोलीस केस घेत नाहीत’ किंवा ‘आधी एफआयआर आणा’ असं कॅज्युअल्टीत कुणी म्हणालं तर ते बेकायदा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 397 प्रमाणे सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने बलात्कार पीडितेवर तातडीने आणि मोफत उपचार करायचे असतात. नकार देणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तपासणी, नमुने आणि उपचार यांची संमती वेगवेगळी घेतात. उपचारांना हो म्हणून तपासणीला नाही म्हणता येतं, आणि त्यामुळे उपचार थांबत नाहीत. ‘टू फिंगर टेस्ट’, म्हणजे योनीत बोटं घालून केलेली तपासणी, कुणी करू पाहिली तर थेट नकार द्या. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरावं असं सांगितलं आहे.

रुग्णालयाची एक अडचण लपवून उपयोग नाही: ते पोलिसांना कळवणारच, तसं त्यांच्यावर बंधन आहे. पण सज्ञान बाईला ‘मला आत्ता जबाब द्यायचा नाही’ असं सांगता येतं आणि डॉक्टरांनी ते कागदावर लिहायचं असतं. खाजगीत गर्दी कमी, पडदा जास्त. तरीही मी जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेज सुचवेन. एमएलसीचे (पोलीस केसच्या वैद्यकीय नोंदीचे) कागद आणि नमुन्यांचं सीलबंद पाकीट तिथल्या लोकांच्या हातातलं काम असतं. केस उभी राहिली तर हेच कागद कोर्टात बोलतात.

पोलीस ठाण्यात मिळणारी गोष्ट दुसरीकडे कुठेच मिळत नाही, ती म्हणजे गुन्हा दाखल होणं. ‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर चालत नाही. शून्य क्रमांकाने गुन्हा घेऊन तो योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. फिर्याद महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची, पुढचा जबाब तुमच्या घरी किंवा तुम्ही सांगाल तिथे घ्यायचा. सही करण्याआधी सगळं वाचा किंवा वाचून दाखवायला सांगा. ‘जबरदस्ती केली’ या दोन शब्दांत सगळं उरकलेलं असेल तर सही थांबवा आणि तुम्ही सांगितलं तसं लिहायला लावा. प्रत मोफत मिळते. ठाणे अंमलदाराने नोंद टाळली तर त्याच्यावरच गुन्हा होऊ शकतो. ऐकायला हे सोपं वाटतं. रात्री दीड वाजता बाकावर बसून हे बोलायला सोबत कुणीतरी खमकं लागतं. उशीर झाला म्हणून केस संपत नाही, न्यायालयांनी हे अनेकदा सांगितलंय. मात्र सीसीटीव्ही पुसलं जातं, साक्षीदार पांगतात.

सखी केंद्र कुणासाठी? माझ्या मते, जिच्याजवळ असं खमकं कुणी नाही किंवा अत्याचार करणारा घरातलाच आहे, तिच्यासाठी. निर्भया निधीतून 2015 पासून चालणाऱ्या या योजनेत समुपदेशन, वकिलाचा सल्ला, पोलीस आणि रुग्णालयाशी जोडून देणं आणि काही दिवसांचा निवारा एका छताखाली मिळतो. 181 वर फोन केला की जवळचं केंद्र कळतं. पण केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी असतं, तालुक्याच्या गावातून तिथवर पोचणं हाच एक खर्च. घड्याळ चालू असेल तर आधी जवळचं उपजिल्हा रुग्णालय गाठा, केंद्राला तिथूनच फोन करा.

मुंबईत याहून थोडं बरं आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली ‘दिलासा’ विभाग सुरू झाला, तो रुग्णालयाच्या आतच. केसपेपरवर आलेली बाई तिथूनच समुपदेशकाकडे जाऊ शकते. कोर्टापर्यंतच्या सोबतीसाठी बायकांना कायदेशीर मदत करणाऱ्या मजलिस या संस्थेचा ‘राहत’ हा उपक्रम आहे. संस्था पुरावा घेत नाहीत, गुन्हा नोंदवत नाहीत, पण ठाण्यात शेजारच्या खुर्चीवर त्यांची कार्यकर्ती असली की समोरच्याची भाषा बदलते.

काही जणांसाठी ही निवड वेगळी असते. अठरा वर्षांखालील मूल असेल तर पॉक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 1098 ही मुलांची हेल्पलाइन लावा. नवऱ्याने केलं असेल तर बलात्काराचं कलम सहसा लागत नाही, तिथे 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा उपयोगी, म्हणून पोलीस ठाण्याआधी सखी केंद्र. सज्ञान पुरुषावर अत्याचार झाला तर नव्या भारतीय न्याय संहितेत त्याच्यासाठी बलात्काराचं कलमच नाही, ही मोठी पोकळी आहे; त्यालाही गोळ्यांचं 72 तासांचं घड्याळ तेच, रुग्णालय तेच. ऑफिसातल्या माणसाविरुद्ध अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते, पण ती पोलिसांच्या जागी नाही, जोडीने आहे.

पैशांचं: राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेतून उपचार आणि पुनर्वसनासाठी अर्थसाहाय्य मिळतं, पण त्यासाठी गुन्हा नोंदलेला लागतो. तक्रारीबाबत मन ठरत नसेल तर हा मुद्दाही हिशेबात धरा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो अर्ज बघतं आणि मोफत वकीलही देतं. त्यांचा क्रमांक 15100.