हळदीच्या गावात मलाच हळद ओळखता आली नाही

टाच बरी करतो म्हणून घरी आलेल्या एका भोंदू वैद्याने मला फसवलं. आधी आकडा सांगते, म्हणजे पुढचं सगळं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तपासणी फी 500, औषधं 11,200 आणि टाचेतला ‘पू काढण्याचे’ 1,40,000. एकूण 1,51,700 रुपये. एका दिवसात, सकाळी अकरा ते दुपारी साडेतीनच्या आत, माझ्या स्वतःच्या घरात. हे लिहायला मला दोन महिने लागले, कारण लाज वाटत होती. पण गेल्या आठवड्यात आमच्या शेजारच्या वहिनींच्या मावसभावाला मिरजेत अगदी असाच एक माणूस भेटला. गुडघ्यासाठी. म्हणून आता लाज बाजूला ठेवून लिहितेय.

माझं सांगलीत कांडपाचं मशीन आहे. चटणी, हळद, मसाले. फेब्रुवारी ते मे दिवसाला दहा-दहा तास शहाबादी फरशीवर उभं राहायचं, पायात साधी रबरी स्लीपर. बावीस वर्षं हेच चाललंय. गेल्या दिवाळीनंतर उजवी टाच धरली. ज्यांना हे दुखणं आहे त्यांना सांगायला नको. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला की टाचेत दाभण घुसल्यासारखं होतं. भिंत धरून, चवड्यावर चालत मोरीपर्यंत जायचं. दहा-पंधरा पावलं चाललं की जरा सैल होतं, आणि जेवून उठलं की परत तेच. घरात कुणाला ते दिसत नाही, कारण पाय सुजत नाही, लाल होत नाही. ‘जरा जास्त उभी राहिलीस’ एवढंच ऐकायला मिळतं.

डॉक्टरकडे गेले नव्हते असं नाही. मिरजेत हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं, एक्स-रे काढला. टाचेचं हाड थोडं वाढलेलं दिसलं. ते म्हणाले, याला फार घाबरू नका, ज्यांना काहीच दुखत नाही त्यांच्याही एक्स-रेत असं हाड दिसतं. खरं दुखणं तळव्यातल्या जाड पट्ट्याचं आहे, टाचेपासून बोटांपर्यंत जातो तो. त्याला प्लँटर फॅसिआयटिस म्हणतात. पोटरीचे आणि तळव्याचे व्यायाम करा, मऊ चप्पल घाला, घरातही अनवाणी फिरू नका, वजन चार-पाच किलो उतरवा. वेळ लागेल, काही महिने लागतील. बहुतेकांचं वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरं होतं.

‘काही महिने’ हा शब्द मी कानाआड केला. व्यायाम बारा दिवस केले आणि सिझन सुरू झाला. पहाटे पाचला मशीन चालू करणाऱ्या बाईने भिंतीला हात लावून पोटऱ्या कधी ताणायच्या? हे कारण म्हणून नाही, तेव्हा डोक्यात काय होतं ते सांगतेय. जो माणूस ‘आज बरं करतो’ म्हणेल त्याच्याकडे मन आपोआप जातं.

मार्चमधला शनिवार होता. शनिवारच्या बाजारात भाजी घेऊन मी पाय ओढत चालले होते. तिशीतला एक पोरगा, इस्त्रीचा शर्ट, हातात हेल्मेट, शेजारी येऊन म्हणाला, “मावशी, टाच का?” मी हो म्हटलं. म्हणाला, “आमच्या आईचं असंच होतं. दोन वर्षं झोपून होती. आता पंढरीची वारी केली.” मी नुसती मान हलवली आणि पुढे निघाले. तो मागे आला नाही, काही मागितलंही नाही. चार पावलांवरून म्हणाला, “नंबर देऊ का? मला काय मिळायचंय त्यातनं.” मग त्याने आपल्या आईलाच फोन लावून दिला. ती बाई माझ्याशी पाच मिनिटं बोलली. पहिल्या पावलाला कसं कळ येते, न्हाणीघरात कसं भिंत धरून जावं लागतं, अगदी माझंच दुखणं. मला रडू आलं. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझं दुखणं मला समजावून सांगत होतं. आता कळतंय, तो फोन म्हणजेच गळ होता. अनोळखी माणसाने रस्त्यात दुखणं ओळखलं आणि स्वतःहून कुणाशी तरी बोलायला दिलं, तर तिथून निघा. मान राखायच्या भानगडीत पडू नका.

‘वैद्य’ सोमवारी आला. पन्नाशीचा, पांढरा सदरा, गळ्यात रुद्राक्ष, बरोबर एक मदतनीस. आमचे हे कुपवाडला कामावर, मुलगा पुण्यात. मी एकटी. घरात कोण कोण असतं, हे त्यांनी फोनवर आधीच विचारलं होतं, आणि मी सांगितलं होतं.

त्याने टाच दाबली, फी घेतली आणि म्हणाला, “माताजी, आत सडका पू आहे. चार-पाच थेंब निघतील. थेंबाला अडीच हजार. मोजायला तुम्ही स्वतः बसा, म्हणजे मी लबाड नाही हे कळेल.” मी हिशोब केला, पाच थेंब म्हणजे साडेबारा हजार. ऑपरेशनपेक्षा बरं. देव्हाऱ्यातल्या गणपतीपुढे मला बोलायला लावलं, की जेवढे थेंब निघतील तेवढ्याचे पैसे देईन. मग आधी औषधं आणायला लावली. ठरावीकच दुकान, मदतनीस गाडीवर मागे बसवून घेऊन गेला. चार पुड्या, 11,200 रुपये. पावती मागितली तर दुकानदार म्हणाला, वैद्यकीच्या औषधाला पावती नसते. पावती नसेल तर पैसे परत खिशात घाला, तिथल्या तिथे.

घरी आल्यावर टाचेला ब्लेडने बारीक चरे पाडले. तांब्याची नळी लावून तोंडाने ओढायचा आणि स्वतः आणलेल्या काचेच्या बशीत सोडायचा. पिवळा, घट्टसर थेंब. एक, दोन, तीन. पाचव्या थेंबाला थांबेल असं वाटलं. तो थांबला नाही. “अरे बापरे, केवढं साठलंय!” मदतनीस कागदावर रेघा मारत होता. वीस झाले, तीस झाले. मी म्हटलं, बास करा. म्हणाला, “मध्येच थांबलं तर विष वर चढतं, पाय कापावा लागतो. आता तुमच्या हातात.” एकसष्ट रेघा झाल्या.

आणि आता तो क्षण, जो आठवला की अजून रात्री उठून बसते.

पू खरा आहे हे दाखवायला त्याने टाचेवरच्या पिवळ्या लेपावर एका बाटलीतलं पाणी ओतलं. लेप एका क्षणात लाल झाला. “बघा, सडकं रक्त!”

मी बावीस वर्षं हळद दळते. सांगलीची हळद. 2018 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मशीनवर पेढे वाटले होते मी. राजापुरी कुठली आणि सेलम कुठली, हे डोळे झाकून वासावर सांगते. रोज संध्याकाळी हळदीच्या साडीला साबण लावला की पिवळा डाग लाल होतो आणि पाण्याने खळबळला की परत पिवळा, हे रोज बघते. चुन्याची निवळी आणि हळद एकत्र आली की लाल होते, त्यावरच तर कुंकू होतं. माझ्या आजीने मला हे परसात करून दाखवलं होतं. आणि माझ्याच टाचेवर, माझ्याच घरात, कुणीतरी हळदीवर चुन्याचं पाणी ओतलं आणि मी ‘सडकं रक्त’ म्हणून डोळे मिटून घेतले.

वास आला होता मला. खोटं नाही सांगत, वास आला होता. पण माझ्या अंगाला, केसांना, नखांना कायमच हळदीचा वास असतो. मला वाटलं माझाच आहे.

एकसष्ट गुणिले अडीच हजार, एक लाख बावन्न हजार पाचशे. ‘माताजी म्हणून’ साडेबारा हजार सोडले. राहिले 1,40,000. मी म्हटलं माझ्याकडे एवढे नाहीत, थोडे आता, थोडे फोनवरून पाठवते. म्हणाला, फोनचा पैसा चालत नाही, औषधाचा गुण जातो. रोखच. घरात भिशीचे आणि सिझनचे मिळून 38,000 होते. बँकेतून 62,000 काढले. मदतनीस गाडीवरून घेऊन गेला, पण स्वतः आत आला नाही, समोरच्या झाडाखाली थांबला. कॅमेऱ्याला घाबरला होता, हे आज कळतंय. राहिलेल्या 40,000 साठी पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवल्या. माझ्या आईच्या पाटल्या.

‘का दिलेस?’ असं सगळे विचारतात. तुमच्या पायाला ब्लेडचे चरे आहेत, दोन परके पुरुष घरात बसलेत, देवापुढे शब्द दिलाय, आणि पाय कापावा लागेल असं सांगितलंय. मग सांगा तुम्ही काय केलं असतं. मी अडाणी नाही. दुकानाचा जीएसटीचा हिशोब मी ठेवते.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाय टेकवला आणि तीच कळ. फोन बंद. दुकानात गेले तर वेगळाच माणूस बसलेला, ‘आम्ही असलं काही विकत नाही’ म्हणाला. घरी मी एकोणीस दिवस काही बोलले नाही. चरे पिकले तेव्हा बोलावंच लागलं. परत त्याच मिरजेच्या डॉक्टरांकडे गेले. ते ओरडले नाहीत, त्यामुळे जास्त लागलं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, जखम धुतली. म्हणाले, “टाचेत एकसष्ट थेंब पू असता तर ताप भरला असता, टाच लाल होऊन फुगली असती, पाय टेकवणंच झालं नसतं. आणि तुम्हाला साखर असती तर या चऱ्यांनी खरंच पाय घालवला असता.” माझ्या नणंदेला साखर आहे. तिला मी त्याच वैद्याचा नंबर दिला होता. ती गेली नाही म्हणून, नाहीतर मी स्वतःला माफ केलं नसतं.

आता पोलीस. ठाण्याचं नाव लिहीत नाही. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी हद्दीचा प्रश्न: पैसे दिले एका हद्दीत, दुकान दुसऱ्या हद्दीत. तिसऱ्या दिवशी सांगितलं 1930 ला फोन करा. केला. तो ऑनलाइन फसवणुकीचा नंबर आहे, रोखीचं ते घेत नाहीत. हे ठाण्यातल्या माणसाला ठाऊक नसेल? चौथ्या दिवशी एक हवालदार सगळ्यांसमोर म्हणाले, “बाई, तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेत ना? मग चोरी कशी?” बाकावरचे लोक माझ्याकडे बघत होते. दुसऱ्याने विचारलं, शिकलाय किती? माझं शिक्षण कशाला पाहिजे? चोराचं विचारा. शेवटी साधा अर्ज घेतला, पोच द्यायलाही कुरकुर. बँकेच्या बाहेरचा कॅमेरा आहे, समोरच्या मेडिकलचा आहे, फुटेज काही दिवसांनी पुसलं जातं, लवकर मागवा म्हणून मी हात जोडले. अजून मागवलेलं नाही. मी स्वतः मेडिकलवाल्याकडे गेले तेव्हा त्याने दाखवलं, तारीख निघून गेली होती. गाडीचा नंबर मिळाला असता हो.

औषधांबद्दल दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात गेले. चारही पुड्या टेबलावर ठेवल्या. साहेब म्हणाले, यावर लेबल नाही, कंपनी नाही, कारवाई कुणावर करू? लेबल नाही हाच तर गुन्हा नाही का? म्हणे नमुना म्हणून घेता येत नाही, तुम्ही आधीच फोडलंय. न फोडता खाऊ कशी?

मुलाने पुण्याच्या वकील मित्राला विचारून सांगितलं ते लिहून ठेवते, कारण मला ते कुणी सांगितलं नव्हतं. घटना कुठल्याही हद्दीतली असली तरी गुन्हा नोंदवून घेता येतो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. नाही घेतला तर लेखी तक्रार जिल्हा पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवता येते, मग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. हातोहात दिलेले पैसेसुद्धा फसवणूकच असते, भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये ती आहे. आणि नोंदणी नसताना वैद्यकी करणं हा महाराष्ट्रात 1961 च्या वैद्यकीय व्यवसायी कायद्याने वेगळाच गुन्हा आहे. पहिल्याच दिवशी हे माहीत असतं तर ‘स्वतःच्या हाताने दिलेत’ याला मी उत्तर दिलं असतं.

आणखी एक. थेंबावर, वाटीवर, नळीवर दर सांगणारा कुणीही असो, आकडा कुठे थांबणार हे तोच ठरवतो. आणि उपचाराच्या वेळी घरातलं एक माणूस शेजारी पाहिजेच. बुद्धीने कमी असलं तरी चालेल, नुसतं पाहिजे. माझ्या घरी कुणी असतं तर सहाव्या थेंबाला ते उठलं असतं.

टाचेचं म्हणाल तर आता व्यायाम सोडत नाही. उठायच्या आधी पलंगावरच पंचा तळव्याला लावून बोटं अंगाकडे ओढते, मोजून तीस, तीन वेळा. मशीन बंद केल्यावर फ्रीजरमधली बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवते. एमसीआरच्या, म्हणजे मऊ रबराच्या चपला घेतल्या, 450 रुपयांच्या. मशीनपुढे जाड रबरी चटई टाकली. सकाळची कळ निम्मी झालीय. निम्मीच, पण झालीय.

एकसष्ट रेघांचा तो कागद अजून माझ्याकडे आहे, मदतनीस विसरून गेला. त्याच्या कोपऱ्यावर पिवळा डाग पडलाय. मी परवा त्यावर साबणाचं बोट लावलं. लाल झाला. तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अर्जाच्या पोचेबरोबर ठेवलाय. सोमवारी अधीक्षकांच्या नावाची तक्रार स्पीड पोस्टाने टाकणार आहे. आणि पाटल्यांचं व्याज महिन्याला 400 रुपये चालू आहे.