एप्रिलअखेरीस ‘नवशिक्यांचे स्कीइंग’ विकणाऱ्यांपासून सावध राहा

आपल्याकडच्या शाळांच्या वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये संपतात आणि मग बरीच मराठी कुटुंबे युरोपच्या सहलीला निघतात. आल्प्समधल्या बहुतेक स्की केंद्रांचा हंगाम नेमका त्याच सुमारास आटोपत आलेला असतो. पायथ्याजवळचे, नवशिक्यांसाठी राखलेले उतार तर त्याआधीच बंद होऊ लागतात. सुट्टी आणि हंगाम यांच्या या चुकामुकीवर एका माणसाने आपला धंदा उभा केला आहे आणि यंदा स्वित्झर्लंडमध्ये टिटलिस या पर्वतशिखराच्या पायथ्याशी असलेल्या एंगेलबर्ग गावी त्याने आमच्या कुटुंबाला फसवले. हीच पद्धत तो इतरांवरही वापरत असणार, म्हणून सारे सविस्तर लिहीत आहे.

समाजमाध्यमावरच्या जाहिरातीतून त्याच्याशी संपर्क झाला. बोलणे अस्खलित मराठीत, मला ‘ताई’ आणि माझ्या सासऱ्यांना ‘काका’. शिक्षक, स्की, बूट, हेल्मेट, रोपवेचे तिकीट आणि नवशिक्यांच्या उतारावर दोन तासांचे शिक्षण असे सारे मिळून माणशी साडेअठरा हजार रुपये त्याने सांगितले. निम्मी रक्कम यूपीआयने आगाऊ द्यायची, उरलेली तिथे पोहोचल्यावर त्याच्या प्रतिनिधीला फ्रँकमध्ये रोख. एप्रिलअखेरीस बर्फ असेल का, असे मी विचारले तेव्हा त्याचे उत्तर होते, “ताई, निश्चिंत राहा, टिटलिसवर बाराही महिने बर्फ असतो.” सोबत त्याच सकाळचे शिखरावरच्या वेब कॅमेऱ्याचे छायाचित्रही पाठवले.

ते छायाचित्र खरे होते आणि वाक्यही खरे होते. साऱ्या फसवणुकीची मेख तिथेच आहे. एंगेलबर्ग गाव सुमारे १,००० मीटर उंचीवर आहे, तर टिटलिसचे वरचे स्थानक ३,००० मीटरच्या थोडे वर, हिमनदीला लागून आहे. वर बर्फ असतोच. पण तिथले उतार ज्यांना वळता आणि थांबता येते त्यांच्यासाठी आहेत. पहिल्यांदा स्की पायात घालणाऱ्याला लागतो तो जवळजवळ सपाट, लहानसा उतार आणि वर नेणारा सरकता पट्टा. एंगेलबर्गला अशी जागा आहे ती बरीच खाली, गेर्शनीआल्पला सुमारे १,३०० मीटरवर, आणि तिच्या वर ट्रुबझे तलावाच्या परिसरात सुमारे १,८०० मीटरवर. शिखरावरचा बर्फ दाखवून पायथ्याचे शिक्षण विकायचे, एवढीच त्याची युक्ती आहे, आणि आल्प्सची उंचसखल रचना ठाऊक नसलेल्या माणसाला ती कळण्याचे काहीच कारण नाही.

एंगेलबर्गजवळच्या ल्युसर्न शहराच्या रेल्वे स्थानकावर लाल जाकीट घातलेला एक तरुण त्याचा प्रतिनिधी म्हणून आम्हाला भेटला. स्वित्झर्लंडमधल्या कित्येक स्की शाळांचे शिक्षक लाल जाकीट घालतात, त्यामुळे तो शिक्षकच वाटावा अशी व्यवस्था होती. त्याने रोख रक्कम मोजून घेतली, रोपवेची तिकिटे हातात ठेवली आणि दुपारी दीड वाजता वरच्या स्थानकावर शिक्षक भेटतील असे सांगितले. ती तिकिटे अस्सल होती. मात्र ती पर्यटकांची जाऊन-येऊन तिकिटे होती आणि त्यांवर अर्ध्या दराची नोंद होती. स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे तिथल्या रेल्वे-बस प्रवासाचा पर्यटकांसाठीचा एकत्रित पास, असणाऱ्या प्रवाशाला टिटलिसच्या रोपवेवर निम्मी सवलत मिळते. ‘नोंदणीसाठी’ म्हणून आमच्या पासची छायाचित्रे जाहिरातवाल्या माणसाने आधीच मागवून घेतली होती, म्हणजे आमचीच सवलत वापरून काढलेली तिकिटे त्याने आम्हाला कितीतरी पट दराने विकली.

वर कोणीही आले नाही. त्या माणसाचा आणि त्याच्या प्रतिनिधीचा, दोन्ही फोन बंद होते. माझी मुलगी हातमोजे घालून दर लाल जाकिटाकडे आशेने पाहत होती, ते आठवले की आजही संताप होतो. शेवटी रोपवेच्या कर्मचारी बाईंनी आमच्याकडचा नोंदणीचा कागद वाचून शांतपणे सांगितले की नवशिक्यांचा पट्टा काही आठवड्यांपूर्वीच बंद झाला आहे आणि या कागदावर कोणत्याही स्की शाळेचे नाव नाही. खाली उतरताना गेर्शनीआल्पचे कुरण पाहिले. ते पूर्ण हिरवे होते.

दोन गोष्टी प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात असे मला मनापासून वाटते. पहिली म्हणजे बुटाचे माप. स्की भाड्याने देणारा कोणताही खरा दुकानदार उंची, वजन, पावलाची लांबी आणि आधीचा अनुभव विचारतोच, कारण पडल्यावर बूट स्कीपासून सुटावा यासाठी बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, ताण त्यावरून ठरवावा लागतो. तो चुकला तर गुडघा जातो. या माणसाने आमची फक्त वये विचारली होती. दुसरी म्हणजे वेळ. वसंतात बर्फ रात्री गोठून सकाळी कडक असतो, उन्हाने थोडा सैलावला की काही वेळ उत्तम असतो आणि दुपारनंतर जड, ओलसर होतो. नवशिक्याला त्यात वळताच येत नाही, म्हणून या दिवसांत शिक्षण सकाळीच उरकतात. दुपारी दीडची वेळ देणाऱ्याला शिकवायचेच नसते.

पैशांविषयी सांगायचे तर रोख रक्कम गेल्यातच जमा आहे. अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाला संरक्षण देणारे रिझर्व्ह बँकेचे २०१७ चे परिपत्रक इथे उपयोगी पडले नाही, कारण यूपीआयने पैसे आम्ही स्वतःच पाठवले होते. १९३० या क्रमांकावर आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. ही तक्रार जितकी लवकर होईल तितकी पुढच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. क्रेडिट कार्डाने थेट स्की शाळेला पैसे दिले असते, तर सेवा न मिळाल्याबद्दल बँकेकडे रीतसर दाद मागता आली असती.

ज्यांना मुलांना खरोखर स्की शिकवायची आहे, त्यांनी मार्चमध्ये जाणे उत्तम. ते शक्य नसेल, तर ऑस्ट्रियातल्या हिंटरटुक्ससारख्या बारमाही हिमनदी केंद्रांतल्या स्की शाळेला स्वतः ई-मेल करून ‘या तारखेला नवशिक्यांचा पट्टा चालू असेल का’ एवढा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. त्या माणसाची जाहिरात आता दुसऱ्या नावाने, त्याच छायाचित्रांसह पुन्हा दिसू लागली आहे आणि तीत मे महिन्यातल्या तारखाही दिलेल्या आहेत.