मॉर्फिन वाढवूनही मान दुखतेय? सुई, गोळी आणि शेक-व्यायाम यांची तुलना

तोंडाचा कर्करोग बळावला की सगळं दुखणं गाठीचंच असतं असं नाही. मानेची शस्त्रक्रिया, रेडिएशनमुळे आलेला राठपणा, सतत एकाच कुशीवर झोपणं यांमुळे मान, खांदा आणि चावण्याचे स्नायू आखडतात. चाचपताना स्नायूत दोरीसारखा ताठ पट्टा लागतो. त्यातला एक बिंदू दाबला की रुग्ण दचकतो, कळ डोक्यात किंवा कानात जाते आणि तो म्हणतो, ‘हेच ते दुखणं.’ विजेसारखे झटके आणि जळजळ असेल तर मात्र ते नसेचं दुखणं, त्याची औषधं वेगळी. हा फरक न पाहता मॉर्फिन हे तीव्र वेदनाशामक वाढवत नेलं, तर गुंगी आणि बद्धकोष्ठ वाढतं, मान तशीच राहते.

असा पट्टा सापडला तर आमची पहिली पसंती सुईला. 1 टक्का लिग्नोकेन (जागा बधिर करणारं औषध), प्रत्येक बिंदूत 0.5 ते 1 मिलि. आराम पडणार असेल तर काही मिनिटांतच कळतो. साध्या लिग्नोकेनची कमाल मात्रा किलोमागे 4.5 मिग्रॅ, म्हणजे 40 किलोच्या रुग्णाला एकूण 18 मिलि. एवढं सहसा लागत नाही. खांद्यात सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं, म्हणून स्नायू चिमटीत उचलून टोचावा. त्या जागी गाठ, जखम किंवा जंतुसंसर्ग असेल, प्लेटलेट कमी असतील किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर सुईचा विचार तूर्त बाजूला.

स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या घरी देता येतात, पण मॉर्फिनच्या गुंगीत भर घालतात. बॅक्लोफेन 5 मिग्रॅपासून सुरू करतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते साचतं आणि अचानक बंद केलं तर आकडी येऊ शकते. टिझानिडिन रात्री 2 मिग्रॅ. त्याने रक्तदाब उतरतो आणि रेडिएशनने आधीच कोरडं पडलेलं तोंड आणखी सुकतं. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकसोबत ते देऊच नये. या साध्या गोळ्या कुटून रायल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात घातलेल्या नळीतून) जातात. मॉर्फिनची हळूहळू विरघळणारी गोळी मात्र कधीही कुटू नये, सगळा डोस एकदम सुटतो.

शेक आणि व्यायाम एकटे पुरे पडत नाहीत, पण सुईनंतर स्नायू सैल असताना हलका ताण दिला तर गुण टिकायला मदत होते. शेक 15 मिनिटं, आधी स्वतःच्या मनगटावर तपासून. शस्त्रक्रियेनंतर बधिर झालेली कातडी भाजली तरी रुग्णाला कळत नाही. फेंटानिलच्या पट्टीवर (कातडीला चिकटवायची वेदनाशामक पट्टी) किंवा तिच्याजवळ शेक नकोच, उष्णतेने औषध जास्त शोषलं जाऊन श्वास मंदावू शकतो. जबड्याच्या स्नायूतच गाठ शिरली असेल किंवा हाड ठिसूळ झालं असेल, तर तोंड जोराने उघडवू नये.

बोटुलिनम या स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनचा गुण यायला एक-दोन आठवडे लागतात आणि मानेत दिल्यास गिळणं आणखी अवघड होऊ शकतं. आयुष्य थोडं उरलेल्या रुग्णाला ते क्वचितच योग्य.

पट्टा मऊ पडूनही दुखणं तसंच राहिलं किंवा हाताची शक्ती कमी झाली, तर गाठ नसांपर्यंत पोचली आहे का, हे डॉक्टरांकडून लगेच तपासून घ्यावं.