बिश्केकचा फ्लॅट आणि ‘काकू, टेन्शन घेऊ नका’

किर्गिझस्तानात जून ते ऑगस्ट राहायला जायचा विचार असेल तर जरूर जा. दिल्लीहून थेट विमान मिळालं तर तीन-साडेतीन तासांत बिश्केक. शहराच्या डोक्यावर बर्फाचे डोंगर, रस्त्याच्या कडेने झाडं आणि झुळझुळणारे पाट, दुपारी ऊन चटचटतं पण संध्याकाळ सुखाची. इसिक-कुल तलावाकडे मार्शरुत्का नावाच्या मिनीबस दिवसभर सुटत असतात. तक्रार देशाबद्दल नाही, तिथल्या लोकांबद्दल तर अजिबातच नाही. आम्हाला बुडवलं ते शुद्ध मराठी बोलणाऱ्या पोराने, आणि ज्या पद्धतीने बुडवलं ती नीट समजून घेण्यासारखी आहे.

बिश्केकमध्ये एमबीबीएसला गेलेली हजारो भारतीय मुलं आहेत, त्यात आपल्याकडचीही पुष्कळ. काही जण शिक्षण मध्येच सोडून तिथेच राहतात आणि खोल्या, गाड्या, तिकिटं अशी कामं करून देतात. बहुतेक सरळ असतात. आम्हाला भेटलेला तोंडाने साखर होता. ‘काकू, टेन्शन घेऊ नका, काकांना पिठलं-भाकरी लागली तरी सोय करतो,’ इथपर्यंत. आम्ही दोघंही निवृत्त, रशियन येत नाही. असं कोणी बोललं की बरंच वाटतं.

त्याने दर सांगितला डॉलरमध्ये. दोन खोल्यांचा फ्लॅट, महिना 650, तीन महिन्यांचं एकदम आणि वर एक महिन्याचं डिपॉझिट. सगळे मिळून 2,600 डॉलर. गंमत अशी की तिथला सोम आणि आपला रुपया किमतीला जवळपास सारखेच. दर सोममध्ये सांगितला असता तर कुणीही एका नजरेत तोलला असता. डॉलरमध्ये मात्र ‘परदेश म्हणजे एवढं असणारच’ असं वाटून जातं. महाग का, तर म्हणे 2022 पासून रशियन लोक आले आणि भाडी चढली. हे खरंच आहे. या माणसाचं अर्धं बोलणं खरंच असायचं, पंचाईत तीच.

निम्मे पैसे त्याने इथेच, त्याच्या मामाच्या खात्यावर यूपीआयने घेतले. उरलेले बिश्केकला पोचल्यावर रोख डॉलरमध्ये. पावती म्हणून व्हॉट्सॲपवर अंगठा.

आणि घरमालकीण? तिची गाठ पडू द्यायचीच नाही, हा सगळ्या खेळाचा पाया. मे 2024 मध्ये बिश्केकात जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले होते. बातमी तुम्हीही वाचली असेल. त्याचं भांडवल करून तो म्हणायचा, ‘लोकल माणसाशी थेट बोलू नका काकू, भाषेवरून उगाच वाद होतो. काही लागलं तर मला फोन.’ म्हणजे ज्या बाईने आम्हाला दोन मिनिटांत खरं सांगितलं असतं, तिचीच भीती घालून ठेवली.

जुलैच्या सुरुवातीला एका सकाळी कुलूप बाहेरून उघडलं. दारात साठीची बाई, मागे बॅगा घेतलेलं एक जोडपं. आम्हाला पाहून तीच जास्त दचकली. मग मोबाइलवर भाषांतराचं ॲप लावून दोन्हीकडून सुरू झालं. तिने पिशवीतून चौकडीची वही काढली. त्यात जूनच्या पानावर त्याचा फोन नंबर, 38,000 सोम, आणि खाली एका महिन्याची रेघ. जुलै-ऑगस्टला दुसरीच नावं. त्याने तिच्याकडून स्वतःच्या नावावर एक महिना घेतला होता आणि आम्हाला तीन विकले होते. तिलाही सांगितलं होतं, ‘माझे काका-काकू येतायत, त्यांच्याशी पैशाचं बोलू नका, वाईट वाटेल.’

मालकीण, म्हणजे आमची एजे (तिकडे मोठ्या बहिणीला असंच म्हणतात), भांडली नाही. चहा केला, त्यांच्या रिवाजाप्रमाणे वाटीत अर्धाच ओतला, म्हणजे पुन्हा पुन्हा वाढता येतो. बॅगावाल्या जोडप्याला दोन दिवस नातेवाइकाकडे पाठवलं आणि आम्हाला पलीकडच्या इमारतीत तिच्या बहिणीची रिकामी जागा दिली. दर सोममध्ये, महिन्याच्या महिन्याला.

त्या पोराने आधी ‘मालकीण खोटं बोलतेय’ म्हटलं, मग ‘मी बघतो’, मग नंबर बंद. स्थानिक पोलिसांनी ऐकून घेतलं, पण त्यांच्या दृष्टीने करार त्याच्या आणि एजेच्या मध्ये. आमचं नाव कुठेच नाही, आणि निम्मे पैसे तर भारतात दिलेले. इथे भारतात सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तो नंबर उपयोगाचा आहे, पण पैसे गेल्या-गेल्या फोन केला तर. बँकेला रक्कम वाटेत अडवायला अवसर मिळतो. आमचे पैसे मामाच्या खात्यातून केव्हाच पुढे गेले होते.

तिथे जागा बघणाऱ्यांनी पैसे पाठवण्याआधी मालकाशी व्हिडिओ कॉल करावा, घराची कागदपत्रं आणि त्याचं ओळखपत्र एकाच नावाचं आहे ना ते पाहावं. मालक दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याला तिथेच राम राम. भाड्याचा अंदाज घ्यायचा तर लालाफो या तिथल्या जाहिरातींच्या ॲपवर सोममधले दर दिसतात. लिखाण रशियनमध्ये असलं तरी आकडे सगळ्यांना वाचता येतात. पहिले काही दिवस साध्या गेस्टहाऊसमध्ये काढून, पायी फिरून घर शोधलं तरी चालतं, उन्हाळ्यातसुद्धा. भाडं महिन्याचंच द्यावं, मालकाच्या हातात, आणि रक्कम-तारीख लिहून सही घ्यावी. एजेची चौकडीची वही आमच्याकडे असलेल्या साऱ्या चॅटपेक्षा पक्का पुरावा निघाली.

यंदा मार्चमध्ये ओळखीच्या एका बाईंनी मला फोटो पाठवून विचारलं, ‘बिश्केकचा हा फ्लॅट कसा वाटतो?’ तेच स्वयंपाकघर, खिडकीत एजेच्या जिरेनियमच्या कुंड्या. एजंटाचं नाव वेगळं, भाडं 700 डॉलर, तीन महिन्यांचं आगाऊ. मी त्यांना एजेचा नंबर दिला.