ऑइलचे रिकामे डबे गॅरेजमध्ये सोडले, तिथंच फसलो

७०,८५० रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण घरात तो सांगायला मला आठ दिवस लागले आणि लाज अजून गेलेली नाही. २७ वर्षं स्टिअरिंग हातात आहे. अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर अशा भाड्याच्या फेऱ्यांवर दोन पोरांची शिक्षणं केली. गाडीच्या ऑइलबद्दल मला कुणी शिकवू नये, असं मी चारचौघांत बोलायचो. आणि ऑइलमध्येच फसलो.

गाडी इनोव्हा, २०११ची, डिझेल, ३,१२,००० किलोमीटर झालेली. आमचे नेहमीचे मिस्त्री, त्यांना सगळे चाचाच म्हणतात, ऑगस्टमध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे घरी बसले होते. ऑइलचे किलोमीटर भरत आलेले आणि सप्टेंबरपासून भाडी लागलेली. म्हणून दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात न्यायचं आहे आणि वकिलांनी सध्या नाव घेऊ नका म्हणून बजावलंय. सोलापुरातलंच आहे, बोर्ड मोठा आहे, आत फरशी स्वच्छ आहे. त्या फरशीवरच मी भाळलो म्हणा.

मालक पोरगेलासा. बॉनेट उघडलं, ऑइल भरायचं झाकण काढलं आणि आतल्या बाजूनं बोट फिरवून माझ्या डोळ्यांसमोर धरलं. बोटावर पिवळट पांढरा, लोण्यासारखा थर. "बघा मालक, इंजिन आतून सडलंय की ओ. हा सगळा स्लज आहे. नुसतं ऑइल बदलून काय होत नाही आता." स्लज म्हणजे ऑइलचा साचलेला चिकट गाळ.

मी घाबरलो. का घाबरलो तेही सांगतो. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तीन आठवडे गाडी फक्त विजापूर रोडवरच्या घरापासून सात रस्त्याच्या डॉक्टरांपर्यंत धावत होती. जेमतेम तीन किलोमीटर. पावसाळी हवा, इंजिन नीट तापायच्या आधीच बंद. अशा वेळी आतली वाफ उडून जात नाही, झाकणाखाली थंड होऊन ऑइलमध्ये मिसळते आणि असा लोण्यासारखा थर धरते. एक लांबची फेरी मारली की तो बहुतेक वेळा आपोआप जातो. खरी भीती कधी? डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचं ऑइलसुद्धा दुधाळ दिसलं तर. तेव्हा कूलंटचं पाणी ऑइलमध्ये उतरत असतं, हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर बघावा लागतो. त्या गॅरेजवाल्यानं डिपस्टिक बाहेर काढली, चटकन फडक्यानं पुसली आणि परत घातली. मला दाखवलीच नाही. हे मला माहीत असलेलं ज्ञान आहे हो! तरी त्या क्षणी डोक्यात फक्त पंधरा दिवसांनी सुरू होणारी भाडी होती.

बिल असं: इंजिन आतून धुवायचा फ्लश ८५०, 'सिंथेटिक' ऑइल ७ लिटर ६४० रुपयांनी ४,४८०, फिल्टर ५२०, स्लज पुन्हा धरू नये म्हणून एक छोटी बाटली १,४५०, मजुरी ६००. एकूण ७,९००. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "वर १८ टक्के जीएसटी लागेल, कशाला उगाच?" मी ५,९०० रोख दिले आणि खिशात तेवढेच होते म्हणून २,००० फोनवरून टाकले. आज माझ्याकडे पुरावा आहे तो त्या २,०००चाच.

आता ते लिहितो जे रात्री झोपू देत नाही.

ऑइल ओतून झाल्यावर गॅरेजातल्या पोरानं एकेक रिकामा डबा पालथा घालून निथळवला, बाहेरून फडक्यानं पुसला, झाकण घट्ट बसवलं आणि सगळे डबे एका गोणीत उभे लावले. फेकले नाहीत. चेपले नाहीत. काचेचं सामान ठेवावं तसे ठेवले. असे धड डबे पुन्हा बनावट ऑइल भरून विकायलाच जपले जातात. मी नेहमी डबे घरी आणतो, गाडीत रेडिएटरसाठी पाणी ठेवायला बरे पडतात. म्हणून मागितले. पोरगा मालकाकडे बघायला लागला. मालक म्हणाला, "ते कंपनी परत घेते, मोजून द्यावे लागतात." माझ्या २७ वर्षांत कुठल्या कंपनीनं रिकामे डबे मोजून परत घेतले? हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. खरंच आला होता. पण पैसे दिले होते, उशीर झाला होता, बायको घरी एकटी होती. गप्प बसलो. त्याच्या आधी सील फोडताना आवाज आला नव्हता, झाकणाखालची चंदेरी पन्नी कडेला सुरकुतलेली होती, ऑइल डब्यातून पाण्यासारखं पटकन उतरलं होतं. सगळं बघितलं होतं मी. उभा राहून बघितलं होतं.

तिथून बरोबर २,६४० किलोमीटर गाडी चालली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याचं भाडं होतं. सावळेश्वर टोलवर गाडी थांबली तेव्हा ऑइलचा लाल दिवा लुकलुकला, रेस दिली की विझला. मला वाटलं सेन्सर असेल. ही माझी चूक, कबूल करतो. लाल ऑइलकॅनचा दिवा, रेस न देता नुसतं इंजिन चालू असताना लुकलुकला तरी गाडी तिथंच बंद करायची, कुणी काहीही म्हणो. वरवडे टोलच्या अलीकडे खालून खडखड सुरू झाली आणि टर्बोची शिट्टी वाढली. तेव्हा थांबलो. पॅसेंजरना दुसरी गाडी करून दिली, ५,५००. टोचन करून सोलापूर, ४,५००.

चाचा डोळ्याला हिरवी पट्टी लावून आले. चेंबर, म्हणजे इंजिनाखालची ऑइलची टाकी, उतरवला, आतली जाळी काढून माझ्या तळहातावर ठेवली. ऑइल पंप ज्या जाळीतून ऑइल ओढतो ती. अर्ध्याहून जास्त जाळी काळ्या चिकट डांबरानं आणि कोळशाच्या पापुद्र्यांनी भरलेली. नखानं खरवडलं तर जेलीसारखी लोळी निघाली. चाचांनी मग वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर दोन थेंब टाकले, एक आमच्या चेंबरमधल्या ऑइलचा, एक दुसऱ्या गाडीतून त्याच सुमारास काढलेल्या चांगल्या ऑइलचा. अर्ध्या तासानं चांगल्याचा डाग करडा होऊन हळूहळू पसरला होता. आमचा मधोमध काळाकुट्ट गोळा होऊन बसला, बाजूला नुसतं पिवळं तेल सुटलं. काजळी धरून ठेवायची ताकदच त्या ऑइलमध्ये नव्हती. ती काजळी इंजिनात साचत गेली.

दोष एकट्या ऑइलचा नव्हता, हेही चाचांनी स्पष्ट सांगितलं. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरखालचे तांब्याचे वायसर (वॉशर) जुने झाले की जळलेला वायू तिथून निसटतो, वरचं ऑइल भाजतं आणि कोळसा धरतो. तीन लाख किलोमीटर झालेल्या गाडीत तो थोडाफार असतोच. तो जिथल्या तिथं चिकटून होता. फ्लशनं तो एकदम सुटला आणि थेट जाळीत येऊन बसला. जुन्या इंजिनला झटक्यात धुऊन काढायचं नसतं. चांगलं ऑइल टाकून दोन वेळा तीन-तीन हजार किलोमीटरवर बदलायचं, फिल्टर प्रत्येक वेळी नवा, आणि शंका असेल तर चेंबर उतरवून जाळी हातानं साफ करायची. वायसर बदला, असं चाचा गेल्या वर्षीच म्हणाले होते. मी पुढं ढकललं, कारण तेव्हा पोरीची फी भरायची होती. यात माझं काय चुकलं ते मला अजून कळत नाही.

टर्बो दुरुस्ती १८,५००. बेअरिंग, ऑइल पंप, वायसर, गॅस्केट मिळून २१,३००. मजुरी ९,०००. नवं ऑइल आणि फिल्टर ४,१५०. त्यात टोचन, पॅसेंजरची गाडी आणि आधीचे ७,९०० मिळवा. अकरा दिवस गाडी उभी होती, त्याचा हिशोब धरलाच नाही.

गॅरेजवाल्याकडे गेलो तर म्हणाला, "तीन लाख किलोमीटरची गाडी आहे मालक, इंजिन म्हातारं झालं." पुतण्याला अनोळखी गिऱ्हाईक म्हणून पाठवलं. त्यानं तेच ऑइल एक लिटर ५९० रुपयांना आणलं. "काका, बघा," म्हणत त्यानं बॅच नंबरावर अंगठा घासला आणि शाई अंगठ्यावर आली. अधिकृत वितरकाकडून आणलेल्या डब्यावर आम्ही दोघांनी घासून बघितलं, काही निघालं नाही.

तो डबा घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. दीड तास बाकावर. मग विचारलं, बिल कुठंय? बिल नाही. मग म्हणाले, बनावट मालाचं प्रकरण असेल तर कंपनीचा माणूस फिर्याद द्यायला पाहिजे, तुम्ही नाही. मी म्हटलं, फसवणूक माझी झालीय, इंजिन माझं गेलंय! तर उत्तर: "हा डबा तुमच्या गाडीत टाकलेलाच कशावरून?" कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. गोड आवाजात विचारतात, डब्यावरचा बॅच नंबर सांगा. डबे गॅरेजवाल्यानं ठेवून घेतलेत, तीच तर तक्रार आहे! "सर, बॅच नंबरशिवाय तक्रार नोंदवता येत नाही." तीन वेळा हेच. दुसऱ्या एका सरकारी कार्यालयात म्हणाले, लिटरमध्ये माप कमी भरलं असेल तर सांगा, आतल्या मालाचं आमच्याकडे येत नाही. म्हणजे कुणी सात लिटर रॉकेल बरोबर मापानं ओतलं तरी चालेल? पोलीस म्हणतात कंपनी, कंपनी म्हणते डबा, कार्यालय म्हणतं माप. आणि तो माणूस रोज दहा गाड्यांत ते काळं पाणी ओततोय, त्यातल्या किती गाड्या वारकऱ्यांना, पेशंटला घेऊन हायवेला लागतात. वळणावर इंजिन बसलं तर जबाबदार कोण? एकानंही त्या गॅरेजात जाऊन ती गोणी उघडून बघितली नाही. तेवढंच मागत होतो मी.

गाडीवाल्यांनो, डबे समोर फोडायला लावा, पन्नीखाली बोट घाला, आणि रिकामे डबे स्वतःच्या हातानं खिळा मारून भोक पाडून घरी न्या. कुणी नाही म्हणालं की ऑइल टाकू नका, गाडी काढा. डिझेलचं ऑइल चार दिवसांत काळं होतंच, काजळी धरणं हे त्याचं कामच आहे, त्या रंगावरून कुणी घाबरवलं तर घाबरू नका. ग्रेड, म्हणजे ऑइलच्या जाडपणाचा आकडा, गाडीच्या पुस्तकातला घ्या. माझ्या इंजिनला चाचा १५डब्ल्यू-४० टाकतात, आमच्या मे महिन्यातल्या ४० अंशांच्या वर जाणाऱ्या उन्हातही ते पुरतं. आवाज दाबायला कुणी जाडजूड ऑइल सुचवलं तर आवाज का येतोय ते आधी शोधा. डब्यावर एपीआय या ऑइलच्या दर्जाच्या खुणेत 'सी'नं सुरू होणारी श्रेणी डिझेलची, 'एस'नं सुरू होणारी पेट्रोलची, सीआय-४ असं काहीतरी लिहिलेलं वाचून घ्या. नव्या बीएस-६ डिझेल गाड्यांना डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी असते, तिला कमी राखेचं ऑइल लागतं, आमच्या जुन्या गाडीचं त्यात टाकू नका. आणि बिल. १८ टक्के गेले खड्ड्यात, पक्कं बिल घ्या, त्यावर ऑइलचं नाव, ग्रेड, बॅच नंबर लिहून घ्या. हे मी आता ओरडून सांगतोय, तेव्हा माझ्याच तोंडून निघालं नाही.

चेंबरमधलं ते ऑइल एका काचेच्या बाटलीत, जाळीतला गाळ डबीत आणि पुतण्यानं आणलेला डबा, सगळं तारीख टाकून चाचांच्या सहीनं ठेवलंय. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, म्हणून तक्रार तयार होतेय. सारखीच फसवणूक झालेल्यांना परवानगी घेऊन एकत्र तक्रार करता येते, असं वकील म्हणाले. ऑगस्टपासून पुढं सोलापुरात ज्यांच्याकडून डबे 'कंपनी परत घेते' म्हणून ठेवून घेतले असतील, त्यांनी पैसे दिल्याचा फोनवरचा मेसेज पुसू नका. चेंबर उतरवला असेल तर गाळ फेकू नका. मला त्याच दोन गोष्टी हव्या आहेत.