शेवाळाचं ‘इम्पोर्टेड’ औषध आणि झीरो टीडीएसचे कॅन

घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्या, त्यातही कोरल वाढवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं म्हणून लिहिते आहे. ठाण्यातल्या आमच्या घरी तीन फुटी, साधारण ३०० लिटरची रीफ टाकी, म्हणजे कोरलची (प्रवाळांची) खाऱ्या पाण्याची टाकी आहे. ज्या दुकानदाराने ती बसवून दिली, मासे दिले आणि दर आठवड्याला पाण्याचे कॅन घरपोच केले, त्यानेच आधी शेवाळ पोसणारं पाणी विकलं, मग ते शेवाळ मारायला विष विकलं आणि टाकी उजाड झाल्यावर तिसरा माल गळ्यात मारायला आला. तक्रार चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पद्धत मात्र सांगते.

सुरुवात हेअर अल्गीने, म्हणजे केसांसारख्या धाग्यांच्या शेवाळाने झाली. आधी पंपाच्या तोंडाशी हिरवा केसाळ झुपका, मग खडकांवर, मग झोअँथिडच्या, म्हणजे फुलांसारख्या उघडणाऱ्या मऊ कोरलच्या वसाहतीवर. झोअँथिड मिटून बसले, कारण शेवाळाचे धागे अंगाला लागत राहिले की ते उघडत नाहीत. दुकानदार घरी आला, टाकीतलं पाणी काचेच्या नळीत घेतलं, थेंब टाकले आणि रंगांचा तक्ता दाखवत म्हणाला, “बघा मॅडम, फॉस्फेट झीरो, नायट्रेट झीरो. पाणी एक नंबर आहे तुमचं. हा शेवाळाचा रोग आहे, औषधाशिवाय जाणार नाही.”

फसवणुकीचं सगळं मर्म या वाक्यात आहे. आकडा बहुधा खरा होता, पण त्यातून काढलेला निष्कर्ष धडधडीत खोटा. शेवाळ माजलेल्या टाकीत चाचणी शून्य दाखवते, कारण फॉस्फेट आणि नायट्रेट हे शेवाळाचं खत, पाण्यात पडलं की शेवाळ ते तिथल्या तिथे खाऊन टाकतं. ते पाण्यात दिसत नाही, त्या हिरव्या झुपक्यात साठलेलं असतं. हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. या धंद्यात असलेल्या कुणालाही ठाऊक असतं.

औषध म्हणजे १०० मिलीची बाटली, २,८०० रुपये. आत निळसर द्रव. लेबलवर मासा, कोरल आणि मोठ्या अक्षरांत ‘रीफ सेफ’, ‘इम्पोर्टेड’. घटक लिहिलेले नाहीत, बॅच नंबर नाही, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही. बाहेरून आलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापणं कायद्याने बंधनकारक आहे. नंतर ते लेबल पाण्याने सुटलं तेव्हा खाली दुसरं लेबल निघालं, बागेतल्या तळ्याच्या औषधाचं, अर्धवट खरवडलेलं.

त्याने सांगितलेल्या मापाने डोस दिला आणि हिरवं खरोखर गेलं. आठवड्याच्या आत धागे पांढुरके होऊन गळायला लागले. लोक अशा औषधाची वाहवा करतात ती याच दिवसांत, आणि दुकानदार पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला फोटोही याच दिवसांत काढून नेतो. आमच्याकडूनही नेला.

मग शेवाळ खायला ठेवलेल्या टर्बो गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत उलट्या पडू लागल्या. एकीला उचलून सरळ केलं तर पायाचा स्नायू सैल लोंबत होता, काचेला धरायची ताकदच उरली नव्हती. क्लीनर श्रिंप ही कोळंबी मेली. टॉर्च कोरलचं मांस सांगाड्यापासून सुटलं. क्लाउनफिश मात्र ठणठणीत. मासे तगतात आणि गोगलगाय, कोळंबी, कोरल मरतात, हे चित्र दिसलं की पहिला संशय तांब्याचा घ्यायचा. तांब्याची क्षारयुक्त औषधं माशांच्या परजीवींवर वेगळ्या, खडक-कोरल नसलेल्या टाकीत वापरतात, ती याच कारणासाठी. बिनकण्याच्या जिवांना तांब्याची अगदी थोडी मात्राही सोसत नाही. कॉपरचं टेस्ट किट आणलं आणि पहिल्याच चाचणीत रंग चढला.

मेलेलं शेवाळ कुजलं, खडकातले किडे आणि बारीक जीव कुजले, अमोनिया वाढला. शेवाळाने खाऊन ठेवलेलं सगळं पुन्हा पाण्यात उतरलं आणि त्यावर सायनोबॅक्टेरिया या शेवाळासारख्या जिवाणूंची लालभडक, चिकट साय पसरली. दुकानदाराकडे त्याचीही वेगळी बाटली तयार होती.

कॅनवर संशय आला तो यानंतर. पाण्यात विरघळलेले क्षार किती ते दाखवणारा साधा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. आमच्या नळाचं पाणी ७० दाखवत होतं. ‘आरओ-डीआय, झीरो टीडीएस’, म्हणजे आरओच्या पडद्यातून आणि मग डीआयच्या रेझिनमधून गाळून सगळे क्षार काढलेलं पाणी म्हणून २० लिटरला १२० रुपये घेऊन दिलेल्या कॅनमध्ये आकडा आला २१०. म्हणजे ते आरओचं तर नव्हतंच, नळाचंही नव्हतं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असणार. त्यात नायट्रेट तपासलं तर २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भाग) रंगाला टेकत होतं. घरच्या रीफ टाकीत आपण नायट्रेट ५-१० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या आसपास ठेवायला धडपडतो, आणि इथे ताजं पाणीच त्याच्या वरचं. शिवाय या टाकीतून रोज काही लिटर पाणी उडून जातं. उडतं ते नुसतं पाणी, बाकी सगळं मागे राहतं. भर घालायला तेच कॅन वापरले की नायट्रेट, सिलिकेट, फॉस्फेट थरावर थर साचत जातं. शेवाळ आपोआप आलं नव्हतं, कॅनमधून घरपोच येत होतं.

म्हणून कॅन घेत असाल तर पोचवणाऱ्या माणसासमोरच मीटर बुडवा. शून्य किंवा एक-दोन आलं तरच उतरवून घ्या. टीडीएस शून्य असला तरी सिलिकेट थोडं निसटू शकतं, कारण डीआयचं रेझिन संपत आलं की ते आधी सुटतं, पण दोनशेचं पाणी शून्य म्हणून विकणारा तरी दारातच पकडला जाईल. ज्यांना परवडतं त्यांनी घरी छोटं आरओ-डीआय युनिट बसवावं. आम्ही तेच केलं.

आणि शेवाळ ‘मुळासकट घालवतो’ म्हणणाऱ्याला घटक विचारा. खरी औषधं नसतात असं नाही. ब्रायोप्सिस या पिसासारख्या शेवाळावर फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध चालतं, हे जगभरच्या रीफ पाळणाऱ्यांनी वापरून पाहिलेलं आहे. पण जो नाव सांगत नाही त्याच्या बाटलीत काय आहे ते तुमच्या गोगलगायीच सांगतील. हेअर अल्गीसाठी कंटाळवाणं कामच करावं लागतं: खडक टूथब्रशने घासून सुटलेले धागे त्याच वेळी सायफनने ओढून घेणं, फ्रोझन खाणं धुऊन घालणं, सम्पमध्ये (टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीत) दिव्याखाली कीटोमॉर्फा हे खत शोषणारं शेवाळ मुद्दाम वाढवून ते छाटत राहणं, शेवाळ खाणाऱ्या ट्रोकस आणि टर्बो गोगलगायी ठेवणं. फॉस्फेट काढायला जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) घालायचं तर थोडं थोडं. घाईने नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेले की डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्म जिवांची तपकिरी, बुडबुडेवाली तार सुरू होते आणि ती हेअर अल्गीपेक्षा वाईट. याला महिने लागतात. आठवड्याची गॅरंटी देणारा माणूस खोटं बोलतो आहे.

बाटलीची पावती मागितली तेव्हा त्याने हात वर केले. ऑनलाइन पैसे भरल्याच्या नोंदी, लेबलचे फोटो, कॅनमध्ये बुडवलेल्या मीटरचा व्हिडिओ आणि मेसेजमधलं त्याचं ‘रीफ सेफ आहे, बिनधास्त टाका’ हे वाक्य एवढं मात्र हातात होतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते. एवढ्याशा रकमेसाठी कोण जातंय, या हिशेबावरच असे धंदे चालतात, म्हणून मी जाणार आहे.

तक्रारीची कुणकुण लागल्यावर तो पुन्हा आला, यावेळी अगदी गोड बोलत. “झालं गेलं सोडा, मॅडम. मालवणचा ताजा लाइव्ह रॉक देतो, कोरल लागलेला, निम्म्या भावात.” लाइव्ह रॉक म्हणजे समुद्रातून काढलेला, जिवंत जीव लागलेला खडक. मालवणचा सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे आणि खडक घडवणारी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. किनाऱ्यावरून असा तुकडा उचलणं, विकणं आणि घरात ठेवणंही गुन्हा आहे. कोकणातल्या माणसाने हे बोलावं याचा मला बाटलीपेक्षा जास्त राग आला. त्याने खरंच मालवणचा आणला असता की दुसरीकडचाच काही, देव जाणे. दोन्हीत अडकलो असतो आम्हीच.

त्यातच तो म्हणाला की तुमचा जुना खडक मी बदली घेतो. तो जुना खडक तांबं पिऊन बसलेला आहे. चुनखडीचा खडक आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि पुढे हळूहळू सोडत राहतात. तो घासूनपुसून दुसऱ्या कुणाच्या टाकीत जाणार होता. मी दिला नाही. पण असाच एखादा ‘सेकंडहँड, मॅच्युअर’ खडक तुम्हाला कुणी स्वस्तात देऊ केला तर तो आधी वेगळ्या बादलीत, मिठाच्या पाण्यात, पंप लावून आठवडाभर ठेवा, त्या पाण्याची कॉपर टेस्ट करा आणि एक साधी गोगलगाय त्यात जगते का ते बघा. ती काचेवरून सुटली तर खडक परत करा, पैसे बुडाले तरी चालतील.