लिफ्ट केलेल्या जिम्नीला २३५ चढवले, सहा महिन्यांनी २१५ वर आलो

जिम्नी या मारुतीच्या छोट्या फोर-बाय-फोरला दोन इंची लिफ्ट (गाडी वर उचलणाऱ्या उंच स्प्रिंग) बसवून गाडी बाहेर काढली तेव्हा मूळचे १९५/८० आर १५ टायर (१९५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १५ इंची) फारच किडकिडीत वाटले. चाकाच्या वरच्या कमानीत अख्खा पंजा मावत होता. ती मोकळी जागा डोळ्यांना सहन होईना, म्हणून त्याच आठवड्यात २३५/७५ आर १५ चे पाच ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) टायर घेतले. सहा महिने आणि सात हजार किलोमीटरनंतर ते काढले. आता ११ महिने झाले, २१५/७५ आर १५ वर आहे. तेरा हजार किलोमीटर झालेत आणि मधे एक अख्खा पावसाळाही गेला. लिफ्ट झाली, आता टायर घ्यायचेत, अशा टप्प्यावर जे असतील त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. माझे एका सेटचे पैसे गेले, तुमचे जाऊ नयेत.

माझी गाडी मॅन्युअल आहे. रोज पुण्यात ऑफिसला जाते, महिन्यातून दोनदा वेल्हे, मुळशी किंवा मावळात आणि सणासुदीला सोलापूरकडे शेतावर.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, मला ती फार उशिरा कळली. लिफ्टने चेसिस (गाडीचा सांगाडा) आणि बॉडी वर जाते, ॲक्सल (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) जिथल्या तिथे राहतो. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड ॲक्सल आहे, म्हणजे जमिनीच्या सगळ्यात जवळ असतो तो डिफरन्शियलचा गोळा, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरची ॲक्सलवरची पेटी. कंपनी २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स सांगते. स्प्रिंग दोन इंचांनी वाढवा नाहीतर चार इंचांनी, तो गोळा तसूभरही वर येत नाही. त्याला उचलतो फक्त टायर, तोही व्यासातल्या फरकाच्या निम्म्याने. मूळ टायरचा व्यास ६९३ मिमी, २१५/७५ चा ७०३.५ आणि २३५/७५ चा ७३३.५. म्हणजे २३५ ने गोळ्याखाली २० मिमी मिळतात आणि २१५ ने जेमतेम ५. हा २३५ चा खराखुरा फायदा आहे, मी तो नाकारणार नाही. केळदच्या बाजूला ज्या दगडांवर पूर्वी खालून हमखास घासायचं, तिथून गाडी न टेकता निघायची.

त्याची किंमत मात्र घाटात मोजावी लागली. टायरचा घेर जवळपास सहा टक्क्यांनी वाढला की सगळे गिअर तेवढेच लांब होतात. दीड लिटरच्या पेट्रोल इंजिनात १३४ एनएम टॉर्क आहे, त्याला हे झेपत नाही. डिसेंबरमध्ये भोरहून वरंध घाटाने महाडला गेलो होतो. परतीच्या चढावर, चौघे जण आणि मागे सामान, जिथे पूर्वी तिसऱ्यावर गाडी आरामात ओढायची तिथे सतत दुसरा टाकावा लागला. फोर-लोमध्ये (चारही चाकांना ताकद देणारा सावकाश, जोरदार गिअर) उतारावर इंजिनचा जो ब्रेक मिळतो तोही ढिला पडला, पाय सारखा ब्रेकवर. मायलेज सरासरी १४ वरून १२ च्या जरा वर आलं. पण तो आकडाही दुरुस्त करून घ्यावा लागतो, कारण मोठ्या टायरवर ओडोमीटर कमी किलोमीटर मोजतो. हिशोब केला तर खरं मायलेज १३ च्या आसपास होतं. स्पीडोमीटरचं उलट झालं. आधी काटा ८० दाखवायचा तेव्हा जीपीएसवर ७६ असायचे, २३५ वर दोन्ही सारखे झाले.

वजनाचं कोणी बोलत नाही. ओळखीच्या धान्य दुकानात काट्यावर दोन्ही चाकं ठेवून पाहिली. रिमसकट फरक जवळपास पाच किलोंचा. पाच किलो म्हणजे काय, असं वाटेल. पण हे वजन स्प्रिंगच्या खालचं, फिरणारं आहे. प्रत्येक खड्ड्यात ते जाणवतं आणि ब्रेक मारताना तर फारच. पाचवं चाक मागच्या दारावर लटकतं, त्यामुळे दोन महिन्यांत दाराचा खडखडाट सुरू झाला.

सगळ्यात मोठी चूक रिमची झाली. जिम्नीचे मूळ रिम साडेपाच इंच रुंद आहेत आणि २३५/७५ ला किमान सहा इंची रिम लागतो. दुकानदाराने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. अरुंद रिमवर टायरच्या कडा आत ओढल्या जातात आणि मधला भाग फुगीर होतो. हे घरी पाहता येतं. टायरवर आडवी खडूची जाड रेघ मारायची, सपाट डांबरावर गाडी सावकाश सरळ वीस-तीस पावलं न्यायची आणि रेघ कुठे पुसली ते बघायचं. माझ्या टायरवर २८ पीएसआयला मधली रेघ साफ गेली आणि दोन्ही कडांना दोन-दोन बोटं पांढरी तशीच राहिली. हवा २२ पर्यंत उतरवली तरी बोटभर खडू उरलाच. म्हणजे २३५ चे पैसे देऊन रस्त्यावर टेकत होतं त्याहून बरंच कमी. सात हजार किलोमीटरला गेजने खाच मोजली तर कडेला ९ मिमी, मधे साडेसात.

आणि ती कमानीतली मोकळी जागा! ती चाक वर यायला ठेवलेली असते, भरून काढायला नव्हे. एका नाल्यात पूर्ण स्टिअरिंग वळवलेलं असताना डावं चाक वर दबलं आणि खर्रकन आवाज आला. उतरून पाहिलं तर आतलं प्लास्टिकचं अस्तर फाटून लोंबत होतं. सपाट जागेवर दुकानात स्टिअरिंग फिरवून ‘कुठे लागत नाही’ म्हणणं पुरेसं नाही. एक चाक दगडावर चढवून, मग पूर्ण वळवून बघा.

२१५ मूळ रिमवर नीट बसतात. पहिल्याच दिवशी गाडी पुन्हा आपली वाटली, तिसरा गिअर परत मिळाला. खडूची रेघ २६ पीएसआयला या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखी पुसली गेली. चिखलात हवा १८ पर्यंत उतरवतो. टायर लांबट पसरतो आणि पकड इतकी सुधारते की रुंदीची उणीव भासत नाही. हवा परत भरायला छोटा कंप्रेसर मात्र गाडीत हवाच.

पण ते गेलेले १५ मिमी एकदा नडले. जुलैत मावळात ट्रॅक्टरने खोल केलेल्या चाकोरीत उतरलो आणि मधल्या उंचवट्यावर पुढचा गोळा टेकला. चारही चाकं नुसती फिरत राहिली. सोबतच्या थारने पट्टा लावून मागे ओढलं. २३५ असते तर बहुधा निघालो असतो, हे मान्य. आता खोल चाकोरी दिसली की एका बाजूची चाकं मधल्या उंचवट्यावर चढवूनच नेतो. सोलापूरच्या काळ्या मातीत तर कुठल्याच मापाचा उपयोग होत नाही. ऑल-टेरेनच्या खाचा लिंपून गुळगुळीत होतात. पाऊस पडून गेला की शेतात गाडी नेत नाही, बांधावर लावून चालत जातो.

काही गोष्टी पटकन. टायर पाचही एकाच मापाचे घ्या. फोर-हायमध्ये (नेहमीच्या वेगाच्या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये) पुढचा-मागचा ॲक्सल एकत्र बांधला जातो, घेरात फरक असला तर सगळा ताण ट्रान्स्फर केसवर, म्हणजे दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीवर येतो. जाड एलटी (लाइट ट्रकसाठीच्या) टायरचा मोह टाळा, सुमारे १२०० किलोच्या गाडीत ते दगडासारखे लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ तपशिलात बदल करण्यावर निर्बंध आहेत, त्यामुळे लिफ्ट आणि टायर दोन्हींबद्दल आरटीओ आणि विमा कंपनीला आधी विचारा, नंतर पैसे भरा.

ज्यांची गाडी बहुतेक दगड-चिखलातच असते, जे रोज शहरात चालवत नाहीत आणि सहा-सात इंची रिमचाही खर्च करणार आहेत, त्यांनी २३५ जरूर घ्यावेत. माझ्या रिमवर आणि माझ्या रस्त्यांवर ते चुकीचे होते. गेल्या रविवारी गेज घेऊन २१५ ची खाच मोजली. तेरा हजार किलोमीटरनंतर मधे साडेआठ मिमी, कडेलाही साडेआठ.